ठिणगीच्या चुका

"आरसा करायचाय का त्याचा? वेणी घालणार आहेस त्यात बघून?"

असं मामा ओरडणारच होते, पण ओठांवर आलेलं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठिणगी स्कूटरचं हेड घासत होती. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. त्यातल्या एका वाटेनं पेट्रोल आणि हवा आत जाते, दुसरीनं धूर बाहेर. कारखान्यातून येतात तेव्हा या वाटा आतून ओबडधोबड असतात. हातानं नीट केल्या, की तेच इंजिन चढावर जास्त दम धरतं.

दोन महिन्यांनी चढाची शर्यत होती. नवा पार्ट एकही लावायचा नाही, करायचं ते हातानं. ठिणगीच्या पथ्यावरच पडलं. तिच्याकडे होतं तरी काय? पॉलिश पेपर, आइस्क्रीमच्या काड्या, मामीची विणायची मोडकी सुई आणि व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टची अर्धी डबी. हेड गार ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी एक पट्टीही तुटलेली. "स्कूटरवरून उतरवताना पडलं," म्हणाली होती.

ठिणगी मामांची भाची. शाळेसाठी इथं राहायला आली आणि घर डोक्यावर घेऊन बसली. मामांना सगळा बाजार 'हेडमास्तर' म्हणायचा. शाळेचे नव्हेत हो, जन्मभर हेडंच नीट केली म्हणून! पण सहा महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरीणबाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मामांनी खिडकीबाहेर भिरकावला. डाव्या हातानं. "हा हात संपला. मला पुन्हा हत्यार दाखवायचं नाही," म्हणाले. तेव्हापासून मागच्या शेडमध्ये त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

"मामा, झकास झालंय ना?"

"मला काय विचारतेस? मी रिटायर आहे."

"नको सांगूस! पहिली आले की फोटोत मात्र पुढे पुढे येशील, बघच!"

दप्तर उचलून ती पळाली. एकच्या ठोक्याला मामी घड्याळ बघून भाजीला निघाल्या. "तासाभरात येते हो."

घर शांत झालं. मामांनी हेड जवळ ओढलं, वाटेत बोट घातलं आणि कपाळावर हात मारला. आत येणारी वाट गुळगुळीत करायची नसते. तिथं पेट्रोलचे थेंब धरतात, ते हवेत नीट मिसळत नाहीत. अशा हेडवर शर्यत लावली तर पोर तोंडघशी पडणार. सांगावं, तर रिटायर माणसानं कोणत्या तोंडानं?

डाव्या हातानं त्यांनी हेड छातीशी धरलं. घासायला उरला उजवा. बोटं मिटेनात. मग मामीच्या केसांच्या रबरानं पॉलिश पेपर बोटांना बांधला. दहा वेळा घासलं, घाम फुटला. स्वतःला एक सणसणीत शिवी घातली आणि अकराव्यांदा घासलं.

संध्याकाळी ठिणगी किंचाळलीच. "मामी, बघ गं! सकाळी नुसता आरसा होता, आता कसं हवं तस्सं खरखरीत! माझ्या हातात जादूच आहे बाई!"

मामा वर्तमानपत्राआड हसले. जादू म्हणे!

मग रोजचंच झालं. सकाळी ठिणगीनं चूक करायची, दुपारी हेडमास्तरांनी गुपचूप दुरुस्त करायची. आधी गव्हाएवढे उंचवटे राहायचे, मग तिळाएवढे, मग नखालाच कळतील असे. पोरगी सुधारतेय, मामा मनाशी म्हणायचे. शाळेतून ती हल्ली उशिरा यायची, नखांत काळं घेऊन. "प्रॅक्टिकल असतं," म्हणायची.

बोटांवरचं रबर कधी सुटलं ते मामांना कळलंही नाही. एकदा त्यांनी चहाचा कप उजव्या हातानं उचलला, तेव्हा मामी एकदम नळ सोडून भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ठिणगीनं हात झटकले. "झालं बाबा एकदाचं! उद्या सकाळी बसवते."

ती अंघोळीला गेली तशी मामांनी व्हॉल्व्ह उचलून पाहिला. वाटेवरचं हे झाकण नीट बसतं का, हे तपासायला त्याच्या बैठकीवर पेन्सिलीच्या रेघा मारतात. व्हॉल्व्ह फिरवला की सगळ्या पुसल्या जायला हव्यात. एक रेघ शाबूत होती. तिथून हवा गळणार. पण पोर घरात असताना हात लावणं शक्य नव्हतं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या ते टेबलाशी बसले, हेड मांडीवर घेऊन. पेस्ट लावली, व्हॉल्व्हची काडी दोन तळहातांत धरली आणि थंडीत हात चोळावेत तशी फिरवत राहिले. मग सगळं पुसून बैठकीवर नव्या रेघा मारल्या, बारा, केसासारख्या. पहिली थरथरली. बारावी सरळ आली. व्हॉल्व्ह ठेवला, फिरवला, उचलला.

एकही रेघ उरली नव्हती.

"ए ठिणगे!" चोरी उघडी पडली तर पडो. "ऊठ! हेड तयार आहे! बसवायलाच दोन तास जातील, शर्यत चुकेल ना!"

उत्तर आलं मागच्या शेडमधून. एक किक, दुसरी किक, आणि इंजिन गुरगुरत सुरू झालं. भरलेला, मोकळा आवाज. मामांनी कान टवकारले. कंपनीच्या हेडचा आवाज असा नसतो. स्कूटरचं हेड स्कूटरवरच होतं, आणि कुणीतरी त्याच्या आतल्या वाटा जीव लावून, एकही चूक न करता घासल्या होत्या.

"अगं हळू," मामी कुजबुजल्या, "ते ऐकतील!"

मामांनी मान खाली घातली. उजव्या हातात पेन्सिल होती, आणि मांडीवर ते पट्टी तुटलेलं हेड.