अकरा जणांचा गट

नातीचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही अकरा म्हाताऱ्या माणसांनी मोबाइलवर गावठी बियाण्यांचा गट काढला. सगळे प्रौढवर्गात अक्षरं शिकलेले. कुणाचं म्हणणं खोडायचं तर आधी "जेवलात का?" विचारायचं, असा नेम होता.

सर्वांत जास्त लिहायची ती भिवराआक्का. "वालाचं बी राखेत ठेवा," ती सांगायची. "जेवलीस का आक्का? कडुनिंबाचा पाला बरा," मी लिहायचो. "तुझाच वाल किड्यांनी खाल्ला ना रे?" ती उलटून विचारायची. सगळे हसायचे.

तिचं ज्ञान सगळीकडे पोचावं म्हणून मीच गट जिल्ह्याला खुला केला. महिन्यात आठशे माणसं आली. आक्काने राखेचं लिहिलं. "म्हातारे, राख तुझ्यासाठीच ठेव," एकाने उत्तर दिलं. त्यावर शंभर जण हसले.

"ओळख ना पाळख, मग एवढं का रे बोलतात?" तिने मला फोनवर विचारलं. नंतर तिने लिहिलंच नाही. अकरा जणांचा गट मी पुन्हा काढला. ती आली नाही.

भिवराआक्का गेल्या माघात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारली.