दोन हातांची शिवण

"आजोबा, आता तुमचं मूत्राशय उसवायचं नाव घेणार नाही," मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर उंदरांच्या मूत्राशयाचे दोन फोटो लावले.

म्हातारा शिंपी खुर्चीत बसून ऐकत होता. मांडीशेजारी लघवीची पिशवी लटकत होती. दोनदा मूत्राशय शिवलं, दोनदा स्नायू फाटला. तिसऱ्यांदा फाटला तर पिशवी जन्माची, हे त्याला सांगून झालं होतं. नव्या उपचाराचं संमतीपत्र मांडीवर होतं आणि सुनेने पेनही हातात दिलं होतं.

दाराशी उंदीरताई उभी होती. प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायचे, कापायचे, शिवायचे हे तिचं काम, म्हणून सगळे तिला तेच म्हणत.

"डावीकडचा उंदीर साधा," डॉक्टर सांगू लागले. "नुसते टाके घातले, आठव्या दिवशी फाटला. उजवीकडच्याला टाक्यांबरोबर आमचं जनुक टोचलं. जखम कशी भरलीय बघा!"

जनुक म्हणे! उंदीरताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साधे उंदीर डॉक्टरांनी स्वतः शिवले होते, कारण त्या आठवड्यात वर्तमानपत्रासाठी त्यांचे फोटो काढणारे आले होते. फोटो निघाले, हौस फिटली आणि जनुकवाले सगळे उंदीर तिच्या गळ्यात पडले. शिवणारे हात बदलले, तर जनुकाचा गुण कोणता आणि हाताचा कोणता? हा प्रश्न वर्षभरात या दीडशहाण्याला एकदाही पडला नव्हता. तिने एकदा बोलून पाहिलं होतं. "तू पिंजरे धू," एवढंच उत्तर मिळालं. मग तीही मूग गिळून बसली होती, आणि आज त्या पिशवीकडे बघताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

शिंप्याने चष्मा पुसला, पिशवी सावरली आणि तो पडद्याजवळ गेला.

"डॉक्टर, हे एका हाताचं काम नाही."

"म्हणजे?"

"डावीकडे टाके लांब लांब, दोरा हिसडून ओढलेला. असं शिवलं तर जाड मांजरपाटसुद्धा उसवेल. उजवीकडचा हात वेगळा आहे."

डॉक्टर हसले. "आजोबा, हे विज्ञान आहे. तुमचं दुकान नव्हे."

"विज्ञान मला कळत नाही. शिवण कळते. माझं कोण शिवणार?"

"मी स्वतः!" डॉक्टरांनी छाती फुगवली.

"बघा, एवढे मोठे डॉक्टर स्वतः शिवतायत," सून म्हणाली. "करा ना सही, बाबा."

शिंपी परत येऊन बसला. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"काका, थांबा." उंदीरताई पुढे आली. "डावीकडचे सगळे डॉक्टरांनी शिवलेत. उजवीकडचे मी."

"तू आधी बाहेर हो!" डॉक्टर ओरडले.

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने पेनाला टोपण लावलं, कागद सुनेच्या हातात दिला आणि उंदीरताईची बोटं नीट निरखली.

"पोरी," त्याने विचारलं, "माणसं नाही का गं शिवत तू?"