यादी पूर्ण

"हं, चालव आता," काकू म्हणाल्या.

रुग्णालयाच्या औषधभांडारात तिघं एका पडद्यासमोर उभे होते: बावीस वर्षं औषधं वाटणाऱ्या काकू, त्यांना मेमो देणारे साहेब आणि कॉम्प्युटर विभागातली पोरगी. काकूंनी यादीचं शेवटचं पान हरवलं, म्हणून मंगळवारी सात खाटांना गोळ्या पोचल्या नाहीत, असं मेमोत होतं. उत्तर आजच द्यायचं होतं. पोरीचा संशय मात्र यादी काढणाऱ्या स्क्रिप्टवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या छोट्या प्रोग्रॅमवर होता.

तिने डिस्क मंगळवारी होती तितकीच गच्च भरली आणि आधी जुनी स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर रुबाबात उमटलं, 'यादी पूर्ण.' प्रिंटरमधून कागद आले. साठ खाटांपैकी शेवटची होती त्रेपन्नावी.

साहेबांनी कागद उलटून पाहिला. मागेही काही नव्हतं.

"पान हरवलं नाही, साहेब, ते आलंच नव्हतं," पोरगी म्हणाली. "शेवटच्या ओळी डिस्कवर उतरतात फाइल बंद होताना. तिथे जागाच नव्हती. आणि ही बया शेवटचा घास घशात असतानाच ढेकर देऊन मोकळी!"

"आणि तुझी नवीन स्क्रिप्ट?" साहेबांनी विचारलं.

नव्या स्क्रिप्टमध्ये तिने शेवटी चारच ओळी वाढवल्या होत्या. सगळं उतरलं का ते बघ. नसेल तर अर्धी यादी टाकून दे आणि तसं सांग. तिने बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. 'यादी लिहिता आली नाही. डिस्क भरली आहे. छापू नका.' प्रिंटर ढिम्म हलला नाही.

"म्हणजे हीसुद्धा नापासच की," साहेब पुटपुटले.

"नापास झाली आणि तोंडाने कबूल केलं, साहेब! पहिल्यांदाच!" पोरगी नाचायचीच बाकी होती. काकूंनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा नाकावर घसरला.

डिस्क मोकळी केल्यावर साठच्या साठ खाटा आल्या. साहेबांनी हात पुढे केला. "द्या तो मेमो. फाडून टाकतो."

"फाडता कशाला? उत्तर देते की."

काकूंनी ती लाल ओळ छापून घेतली, मेमोला टाचली आणि पुढे सरकवली. "पोच द्या. सहीसकट."

साहेबांनी सही केली. शाई वाळेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत.