हिला थंडी बाधते

"डॉक्टरकाकू, आमच्या वर्गात कातडीचं काही ना काही किती जणांना आहे हो?"

शाळेच्या तपासणीत हे विचारायची पैज माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती. मी काय, हल्ली कुणाला घाबरते थोडीच! तरी विचारताना माझा हात आईने मुद्दाम लांब शिवलेल्या बाहीतच होता. कोपरावर इसब आहे ना. बाबांनी शाळेला चिठ्ठीच दिली होती, 'हिला थंडी बाधते.' मला वाटायचं, अख्ख्या वर्गात मी एकटीच अशी.

काकू हसल्या. "नावं नाही सांगणार हं. पण अडतिसांपैकी एकोणीस. नायटा, चामखीळ, इसब, कोड, मुरमं."

बाहेर येऊन मी दोघींना आकडा सांगितला. मग एकीने कपाळावरची झुलपं वर केली, खाली मुरमंच मुरमं. दुसरीने मोजा खाली ओढला. घोट्यावर कोडाचा पांढरा डाग.

"खरं तर आम्हालाच हे विचारायचं होतं गं," ती पुटपुटली, "पण धीर होईना."

घरी आले ती थेट शिवणयंत्रापाशी.

"आई, कात्री दे. बाबा, दुसरी चिठ्ठी लिहा, थंडी गेली म्हणून. उद्यापासून मी अर्ध्या बाह्यांत जाणार!"