कारखान्याची बस
शहराच्या कडेला बिस्किटांचा कारखाना सुरू झाला, तेव्हा "आता आपल्या शहराचं नशीब फळफळलं!" असं सासरेबुवा गल्लीभर सांगत फिरले होते. पण आज कारखान्याची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न द्यायला लागली आणि सून डबा घेऊन दाराशी आली, तसे तेच दारात आडवे उभे राहिले.

"शहराची प्रगती शहरात. माझ्या घरातली बाई कारखान्यात राबायला जाणार नाही. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"बाबा, बाजूला व्हा. बस निघून जाईल."

"मला उलट बोलतेस? तुझ्या सासूने उभा जन्म या घरात काढला. कधी कुरकुर केली का तिने?"

तेवढ्यात सासूबाई बुटांच्या नाड्या बांधून बाहेर आल्या. सुनेच्या हातातला डबा त्यांनी स्वतःकडे घेतला आणि नवऱ्याला दंडाला धरून बाजूला केलं.

"तिच्यावर कशाला डाफरताय? ती मला बसपर्यंत सोडायला निघालीय. नोकरी मला लागलीय. कुरकुर कशाला करू? सरळ अर्जच केला."