पुढून दोन इंच

दुपारी साडेबाराला गॅरेजवाल्या दस्तगीरभाईंनी महिपतीच्या रिकाम्या पिकअपचं पुढचं सस्पेन्शन दोन इंच उचललं. पुढून झुकलेली गाडी सरळ झाली. "भाई, उद्या बहिणीच्या वरातीत हीच पुढं!" महिपती म्हणाला.

चार वाजता वजनकाट्यावर बसणाऱ्या तात्यांचा भाईंना फोन आला. "तुमची पिकअप गेली बघा. गुळानं गच्च भरलीय, मागून बसलीय, नाक आभाळात! अंबा घाट उतरणार म्हणं."

भाईंनी लगेच महिपतीला फोन लावला. मागं ओझं वाढलं की पुढची चाकं हलकी होतात, वळणावर गाडी ऐकत नाही. म्हणूनच कारखान्यातून नवी पिकअप पुढून झुकलेली येते, माल भरला की सरळ होते. माल किती भरणार, हे विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

सहाव्या खेपेला फोन लागला. "महिपती, आहेस तिथं थांब!"

"आवाज तुटतोय, भाई! पण काय काम केलंत! स्टिअरिंग एका बोटानं फिरतंय!"

फोन साडेपाचला कटला. नंतर लागलेला नाही.