बांधाचा प्रमुख

पनवेलच्या खाडीवरचा बांध फुटला. म्हणजे, तसं काही झालेलंच नाही. १९५८ सालच्या त्या सकाळी तो अजून बांधायलासुद्धा घेतला नव्हता.

दोन उन्हाळ्यांचं काम दिनानाथशेठनी महिन्याभरात संपवायचं जाहीर केलं होतं, कारण उद्घाटनाचे पाहुणे आधीच ठरले होते. बांध घालणारा काळूराम म्हणाला, "शेठ, एवढ्यात माती पन बसायची नाय. खारं पानी आत आलं तं पयलं माझंच शेत जाईल."

शेठ रागावले नाहीत. उलट त्यांनी काळूरामला बांधाचा प्रमुख केलं, खुर्ची दिली, कपबशीतून चहा पाजला.

"नारळालाबी आधी कुंकू लावतान, मंग फोडतान," त्याची बायको हौसा पुटपुटली.

काळूरामलाही चहा जरा जास्तच गोड लागला. त्यातून उद्घाटनासाठी घातलेल्या मंडपात चार अनोळखी गृहस्थ लाडू खात बसलेले.

"ही मानसं कोन, शेठ?"

"चौकशी समिती. बांध का फुटला ते शोधून काढणार."

"पन आमी अजून बांधला नाय."

"म्हणून तर आत्ताच बोलावली. मागच्या खेपेला बांध फुटल्यावर समिती शोधत फिरलो. काही नियोजन नको का?"

"आनि दोष कोनाचा निघंल?"

शेठनी मायेने त्याच्या खुर्चीवर हात ठेवला. "प्रमुखाचा."



काळूरामने तिथल्या तिथे समितीला अर्ज दिला: "दोष मान्य आहे. तरी सदर बांधाने भरतीच्या वेळी न फुटता ओहोटीला फुटावे, ही नम्र विनंती."